'कोणी नाही' लिहिलेला फॉर्म

प्रिय आत्या,

पत्र पाहून दचकू नकोस. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय. अठ्ठावीस वर्षांनी लिहितोय, सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही. तू दाखल आहेस त्याच हॉस्पिटलात मी, तळमजल्यावरच्या रेकॉर्डच्या खोलीत कारकून आहे. सोमवारी भरतीच्या फॉर्मांचा गठ्ठा तपासताना तुझा फॉर्म हाती आला. 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात तू लिहिलं आहेस, कोणी नाही. ते वाचून माझे कान तापले. शेजारचा कारकून विचारायला लागला, बरं वाटत नाही का म्हणून.

तुला वाटेल, मी सगळं विसरलो. नाही गं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, आणि बाबा नोकरीच्या नावाखाली जे गेले ते आठ वर्षं फिरकले नाहीत. तुझी एकच खोली. शिवणयंत्राशेजारी माझं अंथरूण. गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडातून माझे शर्ट व्हायचे, एक तर चक्क पडद्याचा होता, मोठमोठ्या फुलांचा. वर्गात पोरं मला 'खिडकी' म्हणायला लागली. तुला सांगितलं तर तू पोट धरून हसलीस आणि त्या दिवसापासून मी तुझाही खिडक्या झालो. मला त्या शर्टाची लाज वाटायची. तुझीही वाटायची. हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.

मग बाबा नवी बायको घेऊन मला न्यायला आले आणि तू कोर्टात गेलीस. तुझे वकील म्हणाले होते, कायदा आत्यालाही घरचं माणूस मानतो, फक्त मुलानं तसं म्हणायला हवं. न्यायाधीश बाईंनी मला आपल्या खोलीत बसवलं, बिस्कीट दिलं आणि विचारलं, बाहेर बसल्या आहेत त्या बाई तुझ्या कोण? माझ्या अंगात बाबांनी आणलेला दुकानातला कोरा शर्ट होता. मी म्हणालो, आमचे कपडे शिवतात. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. निकाल बाबांच्या बाजूनं लागला आणि तू फक्त माझी कॉलर सारखी केलीस. दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. मोठा झाल्यावर तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत चारदा आलो आणि तोंड लपवून परत फिरलो.

आता खरं काम सांगतो. शुक्रवारी तुझं ऑपरेशन आहे. नातेवाइकाची सही नसेल तर ते पुढे ढकलतील. हल्ली ज्यानं वाढवलं आणि ज्याला वाढवलं, त्या दोघांना कायदा एकमेकांचे जवळचे नातेवाईकच धरतो, मात्र पेशंटनं तसं लिहून द्यावं लागतं. म्हणजे या वेळी विचारणार आहेत ते तुला. फॉर्म सोबत जोडलाय. 'कोणी नाही' मला खोडता येत नाही, ते तूच खोडायचं आणि शेजारी सही करायची. तीन दिवस जिन्यापर्यंत येऊन परत जात होतो. आज तुझ्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलोय आणि हे पत्र नर्सबाईंच्या हाती देतोय. त्या विचारतील, बाहेर बसलाय तो माणूस तुमचा कोण? तुला वाटेल ते सांग. माझ्याकडे कपडे शिवायला टाकायचा, असं म्हणालीस तरी मी इथून उठणार नाही.

तुझाच,
खिडक्या