संमतीपत्रावरची सही

मी, विमल परसराम रामटेके, वय ६३ वर्षे, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. वार बरोबर आला, वजाबाकी एकदा चुकली. गणितात मी शाळेतही अशीच होते, असे सांगितल्यावर त्यांनी हसून सही केली. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

मी लग्न केले नाही. जवळचा वारस एकच, धाकटा भाऊ धर्मेंद्र, भंडाऱ्याला वीज कंपनीत नोकरीला.

१. पवनीतले दोन खोल्यांचे घर मी माझ्या पगारातून बांधले आहे. त्यावर कोणाचा हक्क नाही. ते माझ्यामागे टीना उईके, राहणार आंबागड, तालुका तुमसर, हिला मिळावे. ती आमच्या नात्यातली नाही. तिलाच का, ते कलम ४ मध्ये आहे.

२. बँकेतली ठेव विहाराजवळच्या अभ्यासिकेला द्यावी. पंखे घ्यावेत. देणगीदारांच्या पाटीवर माझे नाव लिहू नये. त्या पाटीवर आधीच एका गृहस्थांचे नाव आहे, ज्यांनी माझी बदली दोनदा अडवली होती. त्यांच्या शेजारी मला बसायचे नाही.

३. माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, कापडात गुंडाळलेली, मायची लोखंडी कैची आहे. ती भाची मेघाला, म्हणजे धर्मेंद्रच्या मुलीला द्यावी, आणि तिची आजी या कैचीने काय करायची ते तिने कोणापासून लपवू नये. नोकरीच्या ठिकाणी मी ते जन्मभर लपवले.

माय, रुखमिणी परसराम रामटेके, हिने चाळीस वर्षे बिड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात भिजवून कैचीने कापलेला तेंदूपत्ता आणि तंबाखू, दिवसाला हजार बिड्या, पंचवीस बिड्यांच्या जुडीचा एक कट्टा. कारखान्याचा चेकर त्यातल्या शंभरेक खराब म्हणून फेकून द्यायचा. बाबा लवकर गेले. माझे नर्सिंगचे शिक्षण त्या सुपातून झाले. नोकरी पक्की झाल्याबरोबर मी ते सूप चुलीत घातले. सगळ्या मोहल्ल्यासमोर म्हटले, "आता पुरे. नर्सची माय बिड्या नाही वळणार." माय हसली. तिला तसे हवे होते का, हे विचारायचे मला सुचलेसुद्धा नाही.

२०१९ पासून तिचे विसरणे वाढले. पहाटे उठून ती कपाटे उघडायची. "माहं सूप कुठी ठेवलं वो? चेकर येऊन राहिला." मग कॅलेंडर, उशीचा अभ्रा, माझे पेन्शनचे कागद, हाती लागेल ते पानाच्या मापात कापायची. मी कैची लपवली, तर नखांनी फाडू लागली. मी तिच्यावर दोनदा हात उचलला आहे. हे कोणालाही ठाऊक नाही. पस्तीस वर्षे परक्या म्हाताऱ्यांच्या चादरी बदलताना माझा आवाजही कधी चढला नव्हता.

२०२२ मध्ये ती न्हाणीत पडली, खुब्याचे हाड मोडले. नागपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झाले आणि घरी आणण्याऐवजी मी तिला तिथल्याच एका वृद्धसेवा निवासात ठेवले. मी थकले होते. मला रात्रीची झोप हवी होती. गावात मात्र, "व्यायामासाठी ठेवलं आहे," असे सांगत फिरले.

४. टीना त्या निवासात आया होती, वय बावीस. माय चादरी फाडते म्हणून सगळे वैतागले होते. या पोरीने गावाहून तेंदूची पाने आणली, बाजारातून सूप आणले, पाने ओली करून कापून मायपुढे ठेवली. एका रविवारी मी गेले तर माय खुर्चीत बसून, मांडीवर सूप घेऊन, तंबाखूशिवायच्या पोकळ बिड्या वळत होती. मला तिने ओळखले नाही, पण म्हणाली, "बस बाई, एवढा कट्टा होऊ दे." कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा शांत दिसत होता.

आणि मी टीनावर ओरडले. "माझ्या मायला पुन्हा त्या धंद्याला बसवतेस?"

"तंबाखू नाही जी त्याच्यात," ती म्हणाली. "नुसता पाला आहे. आजी दिवसभर काही मागत नाही, रडत नाही."

मी सूप उचलून बाहेर फेकले. पुन्हा असे दिसले तर तक्रार करीन, असा निवासाच्या व्यवस्थापकांना दम भरला. मायला त्या कामातून मी सोडवले, हाच माझ्या आयुष्यातला मोठा अभिमान होता. तो तिच्या शांत चेहऱ्यापेक्षा मला मोठा वाटला.

आठ दिवसांत मायने पडदा फाडला, लघवीची नळी ओढून काढली. निवासाने मला फोन करून बोलावले आणि छापील संमतीपत्र पुढे केले: रुग्णाच्या सुरक्षेसाठी हात बांधण्यास माझी हरकत नाही. मी परिचारिका आहे. बांधलेल्या मनगटाचे काय होते ते मला शिकवलेले आहे. तरी मी सही केली. अक्षरही चांगले काढले.

तीन आठवड्यांनी धर्मेंद्र भेटायला आला. मायच्या मनगटांवर काळेनिळे वळ होते आणि समोर टीना होती. "माह्या मायचे हात बांधतं तू? जनावर आहे का ते?" तो सगळ्यांसमोर ओरडला. टीनाने माझ्याकडे पाहिले. माझी सही तिने पाहिलेली होती. ती बोलली नाही. मीही बोलले नाही, पर्स मांडीवर घेऊन बसून राहिले. प्रकरण मिटवायला निवासाने त्याच संध्याकाळी तिला कामावरून काढले.

पुढे मायच्या छातीत संसर्ग झाला. दवाखान्यात अकरा दिवस होती. तिथे हात मोकळे होते. मी तेंदूचे पान तिच्या तळहातावर ठेवून पाहिले, पण बोटे मिटली नाहीत. ८ फेब्रुवारी २०२३ ला माय गेली. धर्मेंद्र अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "आमच्या मायले त्या पोरीनं मारलं," आणि मी शेजारी बसून मान हलवते.

टीना, घर घे. एवढ्याने काही फिटत नाही, हे मला कळते. मला माफ करावेस असे लिहायचे मनात होते, पण तेही तुझ्याकडून फुकट मागितल्यासारखे होईल.

५. हे सगळे वाचून मधुकरराव वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र तुमच्यामागे उघडते. तुमचे मन मोकळे होईल, पण भावाने भांडायचे कोणाशी?" मला राग आला, कारण माझा बेत तोच होता. मेल्यावर कळू द्यायचे. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विचारले, मी जिवंत असताना भावाने हे वाचावे यासाठी काय करता येईल? ते म्हणाले, त्याला साक्षीदार करा. पण मग पुढे वाद नको म्हणून त्याच्या नावे काही ठेवू नका.

म्हणून या मृत्युपत्राने धर्मेंद्रला काहीही मिळत नाही. त्याची बायको रश्मी हिला शिलाई मशीन द्यायची होती, वकील तेही नको म्हणाले. मशीन कालच पाठवून दिली आहे. तशीही ती वर्षातले आठ महिने रश्मीकडेच असते.

कायद्याने साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, सही होताना पाहिली तरी पुरते. माझी अट वेगळी आहे. धर्मेंद्र, पहिल्या ओळीपासून वाच. सही करायची नसेल तर करू नकोस, मी दुसरा माणूस शोधीन. बोलायचे नसेल तर तेही मला मान्य आहे. पण पूर्ण वाचल्याशिवाय उठू नकोस.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मधुकरराव वकिलांनी करावी. मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला, तो खरा आहे.

ठिकाण: पवनी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

सही: विमल परसराम रामटेके

साक्षीदार १: भैय्यालाल लांजेवार, किराणा दुकानदार, शेजारी. विमलबाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: धर्मेंद्र परसराम रामटेके, भंडारा. ताईनं माह्यासमोर सही केली. सगळं वाचलं. ताई, हात बांधायचं विचाराले निवासवाल्यानं पयला फोन मलेच केला होता. मी म्हणलो, ताई नर्स आहे, तिले बोलवा, ते सही करून देईल. त्या पोरीवर वरडलो तवा मले सगळं ठाऊक होतं.