पदराची गाठ डॉक्टरपुढे सोडली

शांतेचे बाबा,

जितेपणी तुमचं नाव घेतलं नाई, आता काहून घेऊ? लिहून राहिली आपल्या शांतेची पोरगी, सांगून राहिली मी. अक्षर तिचं, तोंड माझं. ओळखालच तुमी!

आजच लिहाचं कारण हे, का माझेही पाय सुजले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं रक्त तपासलं अन् म्हणाला, "आजी, किडनी कमजोर झाली आहे." म्हंजे तुमी जाताना आपलं दुखणं मले ठेवून गेले! एखादं लुगडं ठेवलं असतं तं नेसली तरी असती.

आठवते? सूज उतराले तुमाले याच डॉक्टरनं लघवीची पांढरी गोळी देल्ली होती. "मला विचारल्याशिवाय दुसरं औषध घ्यायचं नाही," असं बजावलं होतं. तुमी मान हलवली. पण कामठीले पावरलूमवर उभं राहून तुमचे गुडघे ठणकत, म्हणून गल्लीतल्या कंपाउंडरच्या लाल गोळ्याही सुरू! सकाळी एक, संध्याकाळी एक.

मी म्हटलं, "डॉक्टरले सांगा ना."

"काहून सांगू वं? दुसऱ्याकडे गेलो म्हटलं तं त्याले राग येईल. मोठा माणूस आहे थो."

अन् दवाखान्याच्या पायरीवर लाल गोळ्यांची पुडी माझ्या पदरात बांधली. आत डॉक्टरनं विचारलं, "आणखी काही घेता का?" तुमी हात जोडले, "नाई साहेब." अन् मी, जन्माची बडबडी, गाठ मुठीत धरून गुपचूप उभी! तेव्हाच कशी नाई बोलली मी?

मग लघवी आटली. तुमी शुद्धीवर नव्हते, तेव्हा मी पुडी दाखवली. डॉक्टरनं कपाळाले हात लावला. "अहो, या दोन गोळ्या एकत्र घेतल्या की आजारी किडनी बंदच पडते. आधी का नाही सांगितलं?"

डॉक्टरचा मान राखला तुमी. माझं कुंकू कोण राखणार होतं?

आता ऐका पुढचं. परवा आपल्या भास्करनं माझ्या गुडघ्यासाठी थ्याच लाल गोळ्या आणल्या! "माय, घे, आराम पडते. डॉक्टरले नको सांगू, चिडते थो." पोरगा तुमचाच! नाकही तुमचं, अक्कलही तुमचीच.

मी गोळी तोंडात टाकली नाई. लाल गोळ्या, डॉक्टरनं आता मलेही देल्लेल्या थ्याच पांढऱ्या गोळ्या, शेजारणीनं देल्लेलं चूर्ण, सगळं पदरात बांधलं अन् आज डॉक्टरच्या टेबलावर गाठ सोडली. भास्कर लाजून दाराकडे पाहून राहिला. डॉक्टर चिडला बरं का, चांगलाच! "आजी, हे काय दुकान मांडलं?"

म्हटलं, "चिडून घे बापा. पण सांग, यातली कोणती कोणाशी भांडते?"

मग हसला. एकेक पाहून लाल गोळ्या काढून घेतल्या, चूर्णही काढलं. पांढरी राहिली. गुडघा ठणकून राहिला, ठणको! मी जिती आहे म्हणून ठणकते.

मले अक्षर येत नाई, पण गाठ सोडता येते. वचन देते, यापुढे ज्या डॉक्टरसमोर बसीन, त्याच्यापुढे पदर सोडीन. कोणाचा मान गेला तं जाऊ द्या. तुमच्याकडे यायची मले बिलकुल घाई नाई. बसा वाट पाहत!

आता गुपचूप न राहणारी,
शांतेची माय

(खालचा अंगठा माझाच आहे. पोरीनं नाई उठवला.)