एक डोळा उघडा

रविवार, १४ जून

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. आईची तब्येत उत्तम आहे. गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरते, म्हणजे काळजीचं कारण नाही.

आईला महिनाअखेरीस घेऊन जातो, तुझ्यावरचा भार कमी होईल, असं तू लिहिलंयस. त्याचं उत्तर द्यायलाच बसलेय, पण आधी वर्गाची गंमत सांगते.

बाबा गेल्यापासून आई गप्प गप्प असायची, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला वाचनालयाच्या वरच्या खोलीतल्या वर्गाला जायला सांगितलं. तिथे डोळे मिटून बसायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं, मनात येईल ते येऊ द्यायचं. ती एकटी जिना कशी चढेल, म्हणून मीही जाते. पहिल्याच दिवशी ती अशी रमली की मला वाटलं, झोपली. मी एक डोळा उघडून बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं. शिकवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "ताई, त्यांचा श्वास त्या घेतील. तुम्ही तुमचा घ्या." सगळा वर्ग मिटल्या डोळ्यांनी हसला.

घरी येताना आई म्हणाली, "बारके, तू माझ्यावर लक्ष ठेवतेस, पण माझ्याकडे लक्ष देत नाहीस."

मी चिडले. औषधं, पथ्य, तपासण्या, सगळं कोण बघतं? तर आई म्हणे, "बघतात तर पोलीसही. काल मी काय सांगत होते, ते आठवतंय का?"

मला आठवेना. ती बाबांबद्दल बोलत होती, दादा. मी तेव्हा तिच्या गोळ्या तपासत होते.

दुकानात कामावर काय झालं, ते मी तुला कळवलं नव्हतं. चष्म्याच्या काचा बसवताना मी एका आजोबांची उजवी काच डावीकडे बसवली. चूक दुरुस्त होण्यासारखी होती, पण मी तिथेच रडायला लागले आणि थांबताच येईना. मालकांनी रजेवर पाठवलं. आईला म्हटलं, दुकानाला रंग देतायत.

गेल्या आठवड्यात ती माझ्यासमोर येऊन बसली. "रंग वाळायचाय का अजून?"

मग सगळं सांगितलं. बाबा गेले तेव्हा मी रडलेच नव्हते, हेही. तिने समजूत घातली नाही. माझा हात धरून, रडणं संपेपर्यंत नुसती बसून राहिली. आता संध्याकाळी कामं बाजूला टाकून आम्ही गॅलरीत बसतो. एक बोलते, दुसरी ऐकते. कधी दोघीही गप्प.

तेव्हा आईला इतक्यात नेऊ नकोस. तिचा भार माझ्यावर नाही, सध्या माझाच तिच्यावर आहे. तिलाही विचारलं. म्हणाली, "मी नाही जाणार. त्यालाच बोलव. तोही तुझे बाबा गेल्यापासून नुसत्या व्यवस्था लावत सुटलाय."

रागावू नकोस. ये. बोललास तर ऐकू. नाही बोललास तरी गॅलरीत तिसरी खुर्ची मावते.

आईने सांभाळलेली, तुझी
बारकी