हातातला कापूस

मंगळवार, दिवेलागण

झोपेत श्वास अडकायचा म्हणून ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. पुण्याहून आंबवड्याला घरी आणल्यापासून घोरणं बंद. देवाची कृपाच. पण माणूस एवढा शांत निजतो?

दुपारी वाती वळत होते. हे झोपलेले, छाती हलताना दिसेना. हातातला कापूस तसाच नाकाशी धरला. हलला. तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले.

"आत्ताच नाकात कापूस घालतीस व्हय गं? जिता हाय अजून!" घसा दुखत असूनही हसले.

मला हसू आलं नाही. मेलेल्या माणसाचं ते करणं, माझ्या हाताला कसं सुचलं?

कापूस टाकवेना. त्याचीच वात करून देवापुढं लावली. आता ती विझू द्यायची भीती वाटते. एरवी थेंब मोजणारी मी, मघापासून तेल ओततेच आहे.