एकशे बारानंतरचं पान

१२ जानेवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

बाळ तीन आठवड्यांचं झालं. डोळे माझे, आवाज आईचा आणि नाक थेट तुमचं. त्यावर आता इलाज नाही. मी रजेवर आहे, म्हणून प्रयोगशाळेतल्या माझ्या पेशींना मैत्रीण रोज खाऊ घालते. इथे माझं तेच काम चालू आहे, फक्त त्या पेशी रडत नाहीत.

आई म्हणते, काका आले तरी दारातूनच बघतील आणि बांधायची पुस्तकं पडलीत म्हणून पळतील. मी पैज लावलीये की यंदा तुम्ही बाळाला उचलून घ्याल. चार वर्षांची होईपर्यंत मी म्हणे तुमच्या खांद्यावरून उतरत नव्हते. मला मात्र आठवतं ते एवढंच, की मी मांडीवर चढायला आले की तुम्ही हाताला पुस्तकं चिकटवायची खळ लागलीये असं सांगायचात. एवढी खळ कुठल्या बाइंडरकडे असते हो?

पैज जिंकून द्यावी. नाकासकट आठवण काढणारी,
तुमची खारूताई

२० जानेवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

नाकाचं वाचून हसू आलं. बाळाने ते माफ करावं. यायचं फार मनात आहे, पण शाळेच्या ग्रंथालयाची तीनशे पुस्तकं दारात येऊन पडलीत, आणि अंगातही थोडी कसर आहे. राग मानू नकोस.

एक विचारायचं होतं. माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, सज्जन माणूस. सव्वीस वर्षांपूर्वी रक्तदानाला गेला, तेव्हा कळलं की ब प्रकारच्या काविळीचा विषाणू त्याच्या रक्तात मुक्कामाला आहे. त्रास काही नाही. तेव्हापासून तो ताट-पेला वेगळा ठेवतो, लहान मुलांना जवळ घेत नाही. तुझा अभ्यास याच विषाणूचा, म्हणून विचारतो: असा माणूस तान्ह्या बाळाच्या खोलीत लांब उभा राहिला तर चालेल का? की दारातूनच बघावं?

तब्येतीची हेळसांड करू नकोस. तुझं भलं चिंतणारा,
काका

२७ जानेवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा, हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो आणि पेशीच्या अगदी आतल्या खोलीत आपल्या जनुकांचं एक छोटंसं कडं करून ठेवतो. पेशीला ते घरचंच वाटतं, आणि ती बिचारी त्याच्या नकला काढत बसते. त्या कड्याला गप्प कसं करायचं, हेच आम्ही शोधतोय. ते पुरतं काढून टाकणं अजून जमलेलं नाही, खोटं सांगणार नाही. दर सहा महिन्यांनी यकृत तपासून घ्यायला सांगा.

पण तो पसरतो रक्तातून, सुई-वस्तऱ्यातून, नवरा-बायकोच्या संबंधातून, जन्मताना आईकडून. ताटा-पेल्यातून नाही. मांडीवरून तर नाहीच नाही. शिवाय बाळाला पहिल्याच दिवशी लस दिलीये.

आणि काका, लाल दोरा बांधलेला पेला मी तुमच्या फळीवर पाहिलाय. गिऱ्हाइकाचा पेला तुमच्या घरी कशाला असेल? मी रागावले नाही. थोडी रडले, मग बाळ रडायला लागलं, आणि माझी पाळी संपली. तुम्हाला हे ताट-पेल्याचं सांगितलं तरी कोणी?

उत्तर टाळू नये. तुमचीच,
खारूताई

४ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पकडलंस. डॉक्टरीणबाई सांगत होत्या गं, पण रिपोर्ट ऐकला आणि मी भ्यालो, उठून आलो. आणि आपला विश्वास छापील शब्दावर. त्याच आठवड्यात आरोग्याचं एक जाडजूड पुस्तक बांधायला आलं होतं. एकशे बाराव्या पानाच्या तळाशी ब काविळीचं शीर्षक, खाली चार ओळी. समोरच्या पानावर लिहिलेलं, की हा रोग उष्ट्यातून पसरतो, रोग्याचा ताट-पेला वेगळा ठेवावा. झालं, मी ठेवला. ठरत आलेलं लग्नही मोडलं. तुला कडेवर घेणं मात्र मनावर दगड ठेवून बंद केलं.

पुस्तकाचा मालक परत आलाच नाही. तुझं पत्र वाचल्यावर ते काढलं आणि पहिल्यांदा पानाचा आकडा पाहिला. एकशे बारासमोर एकशे एकोणतीस! मधला फर्मा, म्हणजे सोळा पानांचा अख्खा जुडगा, पार शेवटी शिवलेला. शिवण माझीच. लक्ष तेव्हा त्या रिपोर्टातच होतं. समोरचं पान पाण्यातून होणाऱ्या दुसऱ्याच काविळीचं होतं. आणि त्या सोळा पानांत, बाई, अगदी तुझंच म्हणणं होतं: सोबत जेवल्याने, जवळ घेतल्याने पसरत नाही. आयुष्यभर लोकांची पानं क्रमाने लावली आणि स्वतःची सव्वीस वर्षं चुकीच्या जागी शिवली.

काल सगळी शिवण उसवली, फर्मा जागेवर लावला. पेल्याचा दोराही सोडला. तपासणीची तारीख घेतलीये. रविवारी येतो.

आईला सांग, पैज हरलीस. माया होतीच, आता हातानेही द्यायची म्हणतो.
काका

११ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

नीट पोचलात ना? तुम्ही दीड तास बाळाला खाली ठेवलं नाहीत, चहा निवला तरी नाही. आई म्हणते, पैज हरल्याचा एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता.

तुम्ही गेल्यावर बाळाचं झबलं बदलताना पाठीवर एक कडक, पांढरा डाग दिसला. पाच बोटांचा. म्हणजे खळ खरंच लागलेली असते तर!

ते झबलं धुवायचं नाही असं ठरलंय. पुढच्या वेळीही हात न धुता यावं.
तुमची खारूताई