शेगडीची तीन बटणं

प्रिय बाळा,

मंगळवार, ११ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. या वेळी तू माझ्या शेगडीची तिन्ही बटणं उपटून पँटच्या खिशात घातलीस आणि मला खुर्चीत बसवून म्हणालास, आई, आता पुरे झालं. तक्रारीचं पत्र तारीख-वेळेने सुरू करावं, हे कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी पट्टी हातात घेऊन शिकवलं होतं. आवाज न चढवता लिहावं, हेही. म्हणून शांतपणे लिहिते आहे. चहा सध्या शेजारच्या नर्सबाईंच्या कृपेने मिळतो. त्यात त्या साखर अशी घालतात की मुंगीलाही ठसका लागावा.

तू आलास तेव्हा आग विझून बराच वेळ झाला होता. तुला शेगडीवर दुधाचं पातेलं दिसलं, काळी भिंत दिसली, आणि म्हातारीने गॅस चालू ठेवला असा निकाल तू चपला काढायच्या आत देऊन टाकलास. अरे, त्या पातेल्यात डोकावायचंस तरी! दुधावर सायसुद्धा धरली नव्हती. शेगडीच्या मागची भिंत स्वच्छ आहे. काजळी खाली जिथे निमुळती होत जाते तिथे आगीचं मूळ शोधायचं असतं, आणि ती निमुळती होते फ्रिजमागच्या कोपऱ्यात, जिथे गेल्या वर्षी तू मोठ्या हौसेने एक्स्टेन्शन बोर्ड लावून दिलास. फ्रिज, मायक्रोवेव्ह, पाणी तापवायची किटली, तिघांचा भार त्या एका वायरीवर. सुतळीने हत्ती बांधावा तसा. मला आधी वास आला तो जळक्या प्लॅस्टिकचा, कुजक्या मासळीसारखा. मी गॅस बंद केला, मेन स्विच पाडला, पेटलेल्या पडद्यावर ओली चादर दाबली आणि मगच नर्सबाईंना हाक मारली. माझा चष्मा हरवतो, माणसांची नावं हरवतात, कबूल. पण हा क्रम हरवला नाही.

कसा हरवेल? विमा कंपनीत निवृत्त होईपर्यंत मी आगीचे दावेच तपासत आले. तेलाची कढई तापत ठेवून फोनवर गप्पा छाटणारी माणसं पाहिली, आणि पेटलेल्या तेलावर झाकण टाकायचं सोडून पाणी ओतून भडका उडवणारीही. इस्त्री कपड्यावर तशीच टेकवून दार उघडायला गेलेली, पडद्याखाली मेणबत्ती लावणारी, सिगारेट हातात घेऊन गादीवर डुलकी काढणारी. सगळ्यांचं पालुपद एकच, फक्त मिनिटभर हो. आणि घरात एखादं म्हातारं माणूस असलं की बोट हमखास त्याच्याकडे. तू आठवीत असताना ओले मोजे हीटरवर वाळत घातले होतेस, आठवतं? तुझे बाबा हात उगारून धावले. मी म्हटलं, मोजेच जळलेत, पोरगा शाबूत आहे. त्या दिवशी कोणी तुझ्याकडून काही काढून घेतलं नाही. नवे मोजे मिळाले.

आता सूनबाई माझ्याशी अशी हळू बोलते की जणू मी झोपेत आहे. मला तुमच्याकडे हलवायचं ठरलं म्हणे. घर माझं, सामान माझं, ठरवणारे तुम्ही! पण ते भांडण मी सवडीने भांडेन. पत्र त्यासाठी नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडे बोर्ड लावलास तेव्हा तू एकसारखे दोन आणले होतेस, एकावर एक फुकट म्हणून खुशीत होतास. दुसरा तुझ्या लेकीच्या पलंगामागे आहे, पडद्याला चिकटून, आणि त्यावर तिचा हीटर चालतो. काल फोनवर तुला हेच सांगत होते, तर तू म्हणालास, तू आराम कर. म्हणून तिलाच सांगितलं. पोरीने शहाण्यासारखा काढून ठेवला. तीच सांगत होती, तू घरी येऊन परत लावलास आणि तिला म्हणालास, आजीचं हल्ली फार मनावर घ्यायचं नाही. मला विसराळू ठरवून तू सुटलास रे, पण ती तिथेच झोपते. आज शाळेतून येताना ती इथे डोकावेल, तिच्याच हाती हे देते. वाचल्यावर आधी उठून तो बोर्ड काढ, बाकीचं नंतर. माझा जळका बोर्ड डब्यात घालून तिच्याबरोबरच पाठवते आहे, शेजारी ठेवून बघ. मग माझ्या घरात आग कशाने लागली, ते स्वतःच्या अक्षरात लिहून, तीन बटणांसकट, उद्या शुक्रवारी, १४ मार्चला, संध्याकाळी सहाच्या आत माझ्या हातात दे. फोन चालणार नाही. नाहीतर सहानंतर मी तुझ्या दारात उभी असेन, तो बोर्ड उपटायला पक्कड घेऊन.

तुझीच,
मोजे न विसरलेली आई