सात नंबरचा बिल्ला

३ नोव्हेंबर
आले एकदाची! संरक्षित बेट, तळ दिसावा इतकं नितळ पाणी, आणि ताईच्याच खोलीत खिडकीजवळची खाट माझी. ताई, माझी सख्खी मोठी बहीण, इथे सात वर्षं स्कूबा गाइड आहे. तिच्याच शब्दावर मलाही गाइडचीच नोकरी मिळाली. तिनं पाण्याखाली लिहायची प्लास्टिकची पाटी दिली. म्हणाली, रोजनिशीची तुझी खोड आता समुद्रातही भागेल.

बोटीवर एक फळी आहे, तिला खिळ्यांच्या दोन ओळी: 'खाली' आणि 'वर'. उतरताना आपला पितळी बिल्ला 'खाली' लावायचा, परतल्यावर 'वर'. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. बोटवाले काका डोकी मोजत नाहीत, फळी बघतात. ताईचा सात, माझा बारा.

११ नोव्हेंबर
पाहुणे तोंडातून स्नॉर्केलची नळी काढतात ते ताईचं कौतुक करायलाच. कासव ताईंनी दाखवलं, प्रवाळावर पाय पडण्याआधी ताईंनीच सावरलं. मग मी काय समुद्रात मीठ कालवायला आलेय? घरी आईचं तेच, इथेही तेच. तिच्या पायातले पिवळे फिन्स दिसले की तळपायाची आग मस्तकात जाते. त्यातून ती माझ्याशी गोड वागते, त्याचा जास्तच राग येतो.

१९ नोव्हेंबर
केलं. ताई शेवटी एकटीच खाली गेली होती, प्रवाळात अडकलेलं जाळं कापायला. पाहुणे दमून पेंगत होते. मी तिचा बिल्ला 'वर' लावला. ती कधीकधी गस्तीच्या बोटीनं परतते, म्हणून काकांनी विचारलंसुद्धा नाही. बसू दे तासभर तरंगता बोया धरून ताटकळत. लोकांनी जरा हसावं तिला, एवढंच.

२० नोव्हेंबर
बोयापाशी ती नव्हती. कुठेच नाही. काका शपथेवर सांगतात, बिल्ला 'वर' होता. आईचा फोन आला, नुसती रडत होती. मी फोन ताईच्या खाटेवर ठेवून दिला.

२८ नोव्हेंबर
शोध थांबला, फेऱ्या पुन्हा सुरू. सकाळी सात नंबरचा बिल्ला 'खाली'. ओला. काढून खिशात टाकला.
पाहुणे हसतच वर आले. म्हणे, त्या दुसऱ्या ताई फार छान, पिवळ्या फिन्सवाल्या, कासव त्यांनीच दाखवलं. पुढे तर मी होते. मेल्यावरसुद्धा कौतुक तिचंच —

२९ नोव्हेंबर
खिसा रिकामा. बिल्ला पुन्हा फळीवर, ओला.
भीती वाटते. पण त्याहून जास्त — सगळ्यांना दिसते, मलाच नाही. का? सख्खी बहीण ना मी? उद्या सगळे वर आले की एकटी उतरणार.

३० नोव्हेंबर, पाटीवर
बोट निघाली. ओरडले. कुणी वळलं नाही. माझा बिल्ला मी 'खाली'च लावला होता. काका फळी बघितल्याशिवाय — मग 'वर' कुणी —

खाली पिवळे फिन्स. ताईच. माझ्याकडे बघत नाही. हात करून कासव दाखवतेय. कुणाला? इथे तर कुणीच —

ताई, मी इथे आहे. मलाही दाख—